वजनाच्या ऑपरेशनची पिशवी

घरातलं कुणी दवाखान्यात ॲडमिट होणार म्हटलं, की आपल्याकडे पहिली धावपळ स्वयंपाकघरात सुरू होते. माळ्यावरचा थर्मास खाली येतो, बिस्किटांचे पुडे येतात, मऊ भात आणि वरणाचा डबा कोण पोचवणार यावर बोलणी होतात. बाळंतपण असो की अपेंडिक्स, ही रीत खपून जाते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला मात्र ती चालत नाही. या ऑपरेशनमध्ये पोटच बदलतं, आणि पुढचे काही आठवडे त्या पोटाला आपल्या डब्यातलं काहीही झेपणार नसतं. त्यामुळे पिशवीत खाण्यापिण्याला लागणारी जागा कागदांना आणि औषधांना द्यायची. आणखी दोन-चार वस्तू अशा आहेत, की त्या ऐनवेळी कुणाला आठवत नाहीत. त्यांनाही जागा हवी.

समजा, घर श्रीपूरला आहे. माळशिरस तालुक्यातलं हे गाव साखरेभोवती वाढलं. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथला, आणि पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. अकलूज हाकेच्या अंतरावर असल्यानं रोजच्या दुखण्याखुपण्याला लांब जावं लागत नाही. पण वजनाच्या ऑपरेशनसाठी पुण्याची वाट धरली, तर साडेतीन-चार तास जायला आणि तेवढेच यायला. जुना रिपोर्ट कपाटातच राहिला किंवा श्वासाचं मशीन पलंगाखाली विसरलं, तर कुणाला तरी पिटाळून तासाभरात आणता येत नाही. शहरातल्या पेशंटपेक्षा गावाकडच्या पेशंटची पिशवी म्हणूनच जास्त विचारानं भरावी लागते.

आधी ऑपरेशनबद्दल थोडं. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार ऐकू येतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराचं अरुंद जठर शिल्लक राहतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटर मावेल एवढा कप्पा करून त्याला थेट लहान आतडं जोडतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये बायपास सुरू केला, तेव्हा तो पोट उघडून होत असे. 1994 मध्ये दुर्बिणीतून केलेल्या बायपासची माहिती प्रसिद्ध झाली आणि पुढे चित्रच पालटलं. आता पोटावर चार-पाच छोटी भोकं असतात आणि गुंतागुंत झाली नाही तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. महाराष्ट्रात या ऑपरेशनची चर्चा घराघरात पोचली ती 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ते करून घेतल्यावर. तरीही आजसुद्धा अनेक घरांत ते लपवूनच केलं जातं. 'पोटाचं काहीतरी आहे' एवढंच पाहुण्यांना सांगतात. यात लाजण्यासारखं काहीही नाही. मधुमेह, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, झिजलेले गुडघे यांच्याशी झगडणाऱ्या माणसानं घेतलेला हा उपचार आहे.

पिशवीत सगळ्यात आधी जाते ती फाइल, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच. डॉक्टर ऑपरेशनचा सल्ला कधी देतात आणि विमा कंपनी पैसे कधी देते, या दोन गोष्टींची मोजमापं वेगळी आहेत. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा, 35 च्या वर असेल तर दुसरा कुठला आजार नसतानाही ऑपरेशनचा सल्ला देता येतो. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा 27.5 पर्यंत खाली आणली आहे. विमा नियामक प्राधिकरणानं 2019 मध्ये ठरवून दिलेली अट मात्र याहून कडक आहे. वय किमान 18 हवं आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. 35 च्या वर असेल, तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा ताब्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी हवं, आणि साधे उपाय करूनही वजन उतरलं नाही हेही दिसायला हवं. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी 40 म्हणजे सुमारे 102 किलो आणि 35 म्हणजे सुमारे 90 किलो.

शेवटच्या अटीवरच गाडी अडते. चार वर्षं डाएट केलं, सकाळी कारखान्याच्या रस्त्यानं चालायला गेलो, अकलूजच्या डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या, हे सगळं खरं असतं. पण त्याचा कागद नसतो. म्हणून ऑपरेशनचा विचार मनात आल्या दिवसापासून चिठ्ठ्या जपा. फॅमिली डॉक्टरांकडे गेल्यावर वजन लिहून घ्या, तारीख घाला, सही घ्या. साखरेचे रिपोर्ट, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, झोपेची तपासणी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, थायरॉईड, ईसीजी, टूडी एको हे सगळं तारखेप्रमाणे लावा. सगळ्यात नवा कागद वर ठेवा. आधार कार्ड, पॅन कार्ड, पॉलिसी आणि तिचं कार्ड यांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती काढा, आणि प्रत्येक कागदाचा फोटो पेशंटच्या आणि सोबत्याच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. कॅशलेसची पूर्वपरवानगी ॲडमिट होण्याआधीच मागता येते. ती हातात आल्याशिवाय गाडी काढू नका. पॉलिसीत या ऑपरेशनसाठी किती वर्षं थांबावं लागतं, हेही आधीच वाचून घ्या. काउंटरवर पोचल्यावर ते कळलं, तर माणसाची उमेदच खचते.

फाइलीनंतर औषधं. चालू असलेली सगळी औषधं मूळ पाकिटांसह न्यायची, सुट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून नव्हे. नाव, ताकद आणि शेवटची तारीख पाकिटावरच असते, आणि 'ती पांढरी छोटी गोळी' म्हटल्यानं भूल देणाऱ्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. काही औषधं ऑपरेशनच्या आधी बंद करावी लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यात येतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिनसारख्या, तीन-चार दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. पाळी लांबवण्याच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. कुठली गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील. आपलं काम एकच, काहीही न लपवता सगळं समोर ठेवणं. आयुर्वेदिक चूर्ण आणि टीव्हीवर पाहून मागवलेला वजन घटवायचा काढासुद्धा त्यात आला.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सोलापूर जिल्ह्यात कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की 'नाही' म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोजलीच जात नाही. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते. तिच्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरून यायला वेळ लागतो आणि बायपासनंतर नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो. काही आठवडे आधीपासून ती बंदच व्हायला हवी. ती डबी पिशवीच्या कोपऱ्यात सवयीनं जाते, म्हणून पिशवी भरणाऱ्यानं तो कोपरा एकदा तपासावा. पुरुषांच्या खिशातल्या पुडीलाही हेच लागू.

झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी घरी सीपॅप मशीन वापरत असाल, तर ते नळी, मास्क आणि वायरीसकट न्या. जाड माणसांत हा आजार फार आढळतो. भुलीचा आणि दुखणं थांबवणाऱ्या औषधांचा अंमल असताना पहिल्या रात्री श्वास मंदावण्याचा धोका असतो. दवाखान्यात दुसरं मशीन मिळेलही, पण आपल्या चेहऱ्याला बसलेला मास्क आणि ठरवलेला दाब आपल्याच मशीनमध्ये असतो. खाटेपासून प्लग लांब असतो, म्हणून एक चांगलं एक्स्टेंशन बोर्ड बरोबर असू द्या. ते मोबाइलच्या चार्जरलाही उपयोगी पडतं.

दागिन्यांचं काम घरीच उरकायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये अंगावर धातू चालत नाही, कारण रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात आणि धातूपाशी त्वचा भाजू शकते. मंगळसूत्र, नाकातली चमकी, बांगड्या, अंगठी, जोडवी सगळं काढावं लागतं. जोडव्यांची पंचाईत सगळ्यात मोठी. पंधरा-वीस वर्षं न काढलेली चांदीची जोडवी बोटात रुतून बसलेली असतात, त्यांच्या वर मांस आलेलं असतं, आणि ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर कटर घेऊन उभ्या राहिल्या की बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. आठवडाभर आधी, सकाळी पायाची सूज कमी असताना, साबणाचं पाणी किंवा खोबरेल लावून जोडवी हळूहळू फिरवत काढा. तरी निघाली नाहीत तर गावातल्या सोनाराकडून कापून घ्या. तो नंतर जोडूनही देतो. मंगळसूत्र काढायला मन तयार नसेल तर सासूबाईंनी किंवा नवऱ्यानं ते आपल्या हातानं काढून जपून ठेवावं, म्हणजे बाईला एकटीला तो निर्णय घ्यावा लागत नाही. बोटांवर मेंदी आणि नेलपॉलिश नको, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. कवळी, चष्मा, कानाचं मशीन यांच्या डब्या सोबत घ्या.

कपडे थोडेच लागतात. दवाखान्यात पहिला दिवस त्यांच्याच गाऊनमध्ये जातो. आपल्या मापाचा गाऊन आहे का, ते आधी फोन करून विचारायला लाजू नका. पुढच्या दिवसांसाठी पुढून उघडणारे दोन सैल सुती गाऊन किंवा शर्ट पुरेत. भोकं नाभीच्या आसपास आणि वर असतात, त्यामुळे परकराची नाडी, सलवारची नाडी, पँटचा पट्टा नेमका टाक्यांवर येतो. परत येताना साडीचा हट्ट धरू नका. चप्पल वाकून घालावी लागणार नाही अशी, एक नंबर मोठी आणि तळाला न घसरणारी हवी. एसीच्या थंडीसाठी शाल. आणि एक छोटी उशी. ती खोकताना पोटाला धरायला लागते, आणि परतीच्या गाडीत सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्येही.

ऑपरेशननंतर काही तासांतच सिस्टर उठवून चालायला लावतात. घरच्यांना ते निर्दयी वाटतं. 'आत्ताच तर कापलंय, जरा पडू द्या' असं म्हणू नका. पोटरीतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनचा गंभीर धोका आहे आणि तो टाळायला चालणं, घट्ट मोजे आणि पोटावर दिली जाणारी इंजेक्शनं हेच उपाय आहेत. तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र देतात; नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. त्यानं फुप्फुसं उघडी राहतात. ते यंत्र घरी परत न्यायचं असतं, म्हणून पिशवीत जागा राखून ठेवा. खांदा दुखला तर घाबरू नका. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे तो एक-दोन दिवस दुखतो आणि चालल्यानं कमी होतो.

पाणी घोट-घोट सुरू होतं. साधारण दर दहा-पंधरा मिनिटांनी 30 मिलिलिटर, तेही एका दमात नाही. ग्लास हातात असला की सवयीनं मोठा घोट जातो आणि छातीत कळ येते. म्हणून खुणा असलेला औषधाचा छोटा कप पिशवीत हवाच. आयुष्यभर तांब्यानं पाणी प्यायलेल्या माणसाला त्या कपाची सवय व्हायला दोन दिवस लागतात. घरीच सराव केला तर उत्तम. स्ट्रॉ नेऊ नका, तिच्यातून हवा पोटात जाते. एक वही आणि पेन घ्या. किती वाजता किती पाणी प्यायलं, लघवी किती वेळा झाली, ते सोबत्यानं लिहावं. दिवसाला दीड-दोन लिटरपर्यंत हळूहळू पोचायचं असतं, आणि पाणी कमी पडणं हे पेशंट परत ॲडमिट होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. ओठ सुकतात, त्यांना लावायला व्हॅसलीनची डबी ठेवा.

आता काय नेऊ नये ते. बिस्किटं, फळं, शहाळी, डबाबंद ज्यूस, सोडा यातलं काही पेशंटसाठी नको. पहिले एक-दोन दिवस गाळलेले पातळ पदार्थ, मग सुमारे दोन आठवडे ताक, दूध, पातळ वरणाचं पाणी आणि प्रथिनांची पावडर, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असा क्रम प्रत्येक दवाखाना थोड्याफार फरकानं ठरवून देतो. श्रीपूरसारख्या गावात वेगळी काळजी घ्यावी लागते ती उसाच्या रसाची आणि गुळाच्या चहाची. कुणीतरी मायेनं 'अंगात ताकद येईल' म्हणून रसाची बाटली आणतंच. बायपासनंतर इतकी साखर एकदम लहान आतड्यात उतरली की आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं. छाती धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात कळा येतात, चक्कर येते. ज्या घराची कमाई उसावर आहे, त्या घरात हे आधीच सांगून ठेवावं लागतं, म्हणजे कुणाचं मन दुखावत नाही. भेटायला येणाऱ्यांना घरचा एखादा थोरला माणूस फोन करून सांगू शकतो, की पंधरा दिवस थांबा आणि येताना केळी-बिस्किटं आणू नका.

सोबत्याची पिशवी वेगळी भरा. त्याला चादर, हवेची उशी, दोन जोड कपडे आणि स्वतःची औषधं लागतात. त्यानं पोटभर जेवावं, पण कँटीनमध्ये. पेशंटसमोर डबा उघडू नये. आणि सोबती असा निवडा, जो डॉक्टर सांगतील ते लिहून घेईल आणि पेशंटनं 'मला जमत नाही, झोपू दे' म्हटल्यावरही त्याला धरून चालवील. जवळचं नातं असलं म्हणून प्रत्येकाला हे जमतंच असं नाही.

निघण्याआधी घराकडेही पाहावं लागतं. ऑपरेशनच्या साधारण दोन आठवडे आधी कमी पिठूळ आणि प्रथिनं जास्त असलेलं खाणं सुरू करतात. जाड माणसाचं यकृत चरबीनं सुजलेलं असतं आणि ते जठराच्या अगदी पुढ्यात येतं. या खाण्यानं ते आकसलं की सर्जनला दुर्बिणीतून नीट दिसतं. त्या काळात भाकरीची टोपली आणि लग्नाची आमंत्रणं दोन्हींना आवर घालावा लागतो. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. मिक्सर, पावडर आणि गाळणी परत आल्यावर शोधायला लागू नयेत.

परतीचा प्रवास तारखेआधीच ठरवा. पुण्यात नातेवाईक असतील तर पहिल्या तपासणीपर्यंत, म्हणजे आठवडाभर, तिथंच राहणं सगळ्यात चांगलं. निघालात तर तासातासाला गाडी थांबवून पेशंटला पाच मिनिटं चालवा, कारण इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसणं म्हणजे गुठळीला आमंत्रण. गाळपाचा हंगाम असेल तर उजेडात घरी पोचा. रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकून तास-दीड तास जातो आणि प्रत्येक खड्ड्याची कळ पोटात जाते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर, बोरगाव असा मुक्काम-विसावा घेत जाते आणि रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांत डिस्चार्ज येईल अशी तारीख घेऊ नका. उन्हाळ्यात घोट-घोट पाण्यावर राहणं फार जड जातं, तेव्हा ऑपरेशन पुढे ढकलता येत असेल तर सर्जनला विचारा. घरी घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली असतील, तर ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि बर्फातही नको.

डिस्चार्ज कार्डाच्या तीन प्रती करा. एक फाइलमध्ये, एक फ्रिजवर आणि एक गावातल्या डॉक्टरांकडे. त्यांना भेटून सांगा, की या पेशंटला दुखण्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधं सर्जनला विचारल्याशिवाय देऊ नका, कारण नव्या पोटात त्यांनी अल्सर होतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्याही आता पूर्वीसारख्या लागू पडत नाहीत. नाडी मिनिटाला 120 च्या वर राहिली, ताप 101 च्या वर गेला, पोटातलं किंवा डाव्या खांद्यातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, धाप लागली, एक पोटरी सुजली किंवा पाणीसुद्धा उलटून पडू लागलं, तर सलाईन लावून सकाळची वाट पाहायची नाही. टाका उसवून जठरातून गळती होत असेल तर तिचं पहिलं लक्षण कधी कधी फक्त वाढलेली नाडी एवढंच असतं. कार्डावरचा सर्जनचा नंबर त्याच मिनिटाला लावायचा. तो नंबर सोबत्याच्या, घरातल्या थोरल्या मुलाच्या आणि गाडी चालवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी टाकून घ्या, आणि एकदा लावून, लागतो की नाही ते पाहा.